रुडॉल्फ डिझेल

आपल्या शिवारातल्या विहिरींवर एकेकाळी धडधडणाऱ्या इंजिनाला ज्यांचे नाव मिळाले, ते रुडॉल्फ डिझेल १८५८ साली पॅरिस येथे एका जर्मन कारागिराच्या घरी जन्मले. १८७० च्या युद्धामुळे कुटुंबाला लंडनला जावे लागले. मुलाने लवकर कमवावे, ही आईवडिलांची इच्छा. त्याने शिष्यवृत्ती मिळवून म्युनिकचे तंत्रविद्यालय गाठले.

पेट्रोल इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबून प्लगच्या ठिणगीने पेटवतात. डिझेल यांनी ठिणगीच काढून टाकली. नुसती हवा इतकी दाबली, की तिच्या उष्णतेनेच आत फवारलेले तेल पेटावे. (सायकलला हवा भरताना पंप तापतो, तो विद्यार्थ्यांनी हात लावून पाहावा.) १८९७ साली इंजिन यशस्वी झाले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर असे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालले! १९१३ मध्ये इंग्लंडला जाताना ते रात्री बोटीवरून नाहीसे झाले. पुढे समुद्रात प्रेत सापडले.