रक्तबिंबिकांचे दुहेरी कार्य उलगडणारे बिझोझेरो

पावसाळ्यात डेंगीचे रुग्ण वाढले, की पुण्यात घरोघरी प्लेटलेटच्या आकड्यांची चर्चा सुरू होते. या प्लेटलेटचे, म्हणजेच रक्तबिंबिकांचे कार्य स्पष्ट केले ते इटलीतील ज्युलिओ बिझोझेरो यांनी.

वारेसे येथे २० मार्च १८४६ रोजी त्यांचा जन्म झाला. वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी पाव्हिया विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. तांबड्या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात, हे त्यांनी १८६८ मध्ये दाखवून दिले. तुरिन येथे प्राध्यापक असताना त्यांनी लहान प्राण्यांच्या शरीरातील वाहते रक्त सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळले. रक्तवाहिनीला इजा झाली, की तेथे प्रथम रक्तबिंबिका चिकटतात. त्याच रक्तस्राव थांबवतात आणि गुठळीलाही कारणीभूत ठरतात, असा निष्कर्ष त्यांनी १८८२ मध्ये मांडला.

उत्तरायुष्यात दृष्टी अधू झाल्याने सूक्ष्मदर्शक सुटला. तेव्हा ते सार्वजनिक आरोग्याच्या कार्याकडे वळले. १८९० मध्ये ते सिनेटचे सदस्य झाले. ८ एप्रिल १९०१ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर दिली जाणारी अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही औषधे रक्तबिंबिकांनाच रोखतात. ज्यांच्या रक्तबिंबिका मुळातच कमी आहेत, अशा रुग्णांना त्यामुळे रक्तस्रावाचा धोका संभवतो. मात्र, संख्या कमी असली तरी गुठळी टळेलच, याची शाश्वती नसते. म्हणूनच कोणते औषध, किती दिवस द्यायचे, याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ व रक्तविकारतज्ज्ञांना प्रत्येक रुग्णाबाबत स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. बिझोझेरो यांनी दाखवलेले रक्तबिंबिकांचे दुहेरी कार्यच या पेचाच्या मुळाशी आहे.