बालवाडी अंगणात नेणाऱ्या ताराबाई

ताराबाई मोडक १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. दादरचे त्यांचे शिशुविहार नावारूपाला आले होते. पण बालमनाचा हा सगळा विचार फी परवडणाऱ्या घरांपुरताच राहतो, ही बोच होती.

मुंबईच्या प्रार्थना समाजी केळुसकर घराण्यात १८९२ मध्ये त्यांचा जन्म झाला. १९१४ला पदवी, मग लग्न होऊन अमरावती. संसार टिकला नाही. लहानग्या मुलीला घेऊन त्या नोकरीसाठी राजकोटला गेल्या आणि तिथून १९२३ मध्ये भावनगरला, गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात. मुलाला मारायचे नाही, भीती घालायची नाही, बक्षिसाची लालूचही दाखवायची नाही, हे तिथले सूत्र. त्या काळी हा वेडेपणाच वाटला असणार! सतत धास्तीत वाढणाऱ्या मुलाच्या शरीरात ताणाची संप्रेरके वारंवार उसळतात, झोप आणि शिकणे बिघडते, आणि जवळ मायेचे माणूस असले तर हा ताण उतरतो, हे विज्ञानाने नंतर दाखवले.

मुंबईत टाटा समाजकार्य संस्थेने १९३७ मध्ये देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र काढले. तिथे मुलाला घेऊन जायला मात्र पालकांना सवड हवी, बसभाडे हवे आणि मुळात काही बिघडले आहे हे कळायला हवे.

बोर्डीत ताराबाईंना हेच दिसले. बालवाडी उघडली, पण आदिवासी पाड्यांवरची मुले येईनात. आईबाप मजुरीला, थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घर राखायला. मग ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच पाड्यावर, झोपडीपुढच्या अंगणात नेली. आधी मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे. आया दारातून बघत, हळूहळू जवळ येत. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणल्या, त्यामुळे धाकट्याला सोबत आणून थोरलीही शिकू लागली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा भरली.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. पुढे २ ऑक्टोबर १९७५ला ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोहोचला.

माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरसारख्या साखर कारखान्याच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर नसतो, अंगणवाडी सेविका असते. तीन वर्षांचे मूल बोलत नाही, नजर देत नाही, जरा आवाज झाला की दचकते, हे घराबाहेर पहिल्यांदा तिलाच दिसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन वाढीतला आणि विकासातला विलंबही तपासते. सेविकेने त्यांना आवर्जून सांगितले तर पुढची वाट सुरू होते. खचलेल्या आईबापांसाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. ऊसतोडीच्या हंगामात फडाशेजारच्या कोपीवर उतरलेले मूल मात्र तपासणीच्या दिवशी पटावर असतेच असे नाही.