रमाबाईंचे पहिले भाषण



मागच्या महिन्यात आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली होती. गुण चांगले, स्वभाव गोड, पण नोकरीच्या मुलाखतीत समोर चार अनोळखी माणसे पाहिली आणि तिला स्वतःचे नावसुद्धा धड सांगता आले नाही. इंग्रजी येत नव्हते असे नाही, संकोच आड आला. मला तिचे नवल वाटले नाही. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत स्टाफ मीटिंगमध्ये मी खिडकीजवळची खुर्ची धरून गप्प बसत असे. चूक होईल, लोक हसतील, हीच धास्ती. ती मुलगी गेल्यावर मला रमाबाई रानडे आठवल्या.

2012 मध्ये झी मराठीवर ‘उंच माझा झोका’ ही मालिका लागत असे, त्यामुळे पालकांना रमाबाईंची ओळख आहेच. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी कुर्लेकरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. (यशवंतराव चव्हाणांचे जन्मगावही हेच.) माहेरी मुलींना शिकवण्याची पद्धत नव्हती. 1873 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी लग्नानंतर लगेच त्यांना शिकवायला घेतले.

पण शिकणे एकवेळ सोपे, शिकलेले चारचौघांत दाखवणे कठीण. पुण्याच्या घरात वडीलधाऱ्या बायका पुष्कळ. सुनेने वाचलेले त्यांना खपत नसे. त्या टोचून बोलत, अबोला धरत, कामात अडकवून ठेवत. पतीचे ऐकावे तर सासरच्या बायका रागावणार, त्यांचे ऐकावे तर पतीचे मन मोडणार. अशा मुलीला आपण जन्मतः लाजाळू म्हणून मोकळे होतो. मला वाटते, त्यांची लाज निम्मीअधिक या घरानेच शिकवलेली होती. आपल्याही घरांत मुलीला गप्प बस, मोठ्यांत बोलू नकोस असे वीस वर्षे सांगायचे आणि एकविसाव्या वर्षी तिने मुलाखतीत घडाघडा बोलावे अशी अपेक्षा करायची, असे होतेच ना?

1878 मध्ये रानड्यांची नाशिकला बदली झाली आणि रमाबाईंना प्रथमच स्वतंत्र बिऱ्हाड मिळाले. तिथे त्यांनी एकदम सभा गाजवली नाही. आधी हळदीकुंकवाला बायका बोलावल्या. त्या निमित्ताने चार ओळखी झाल्या, बोलणे होऊ लागले. मग नाशिकच्या शाळेतल्या समारंभात त्यांच्यावर भाषणाची वेळ आली. ते पहिले भाषण रानड्यांनी लिहून दिले होते. विद्यार्थ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे. इतक्या मोठ्या बाईंनी सुरुवात दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावरून केली आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

पुढे पुण्यात मिस हरफर्ड नावाच्या बाईंकडे त्यांनी इंग्रजीचे धडे घेतले. मडमेजवळ बसून विटाळ झाला म्हणून घरच्या बायका त्यांना धड्यानंतर आंघोळ करायला लावीत, तेही थंडीच्या दिवसांत. आपण टाय लावून, बसमध्ये बसून इंग्रजी शिकायला येतो, त्याला किती कंटाळतो! त्याच सुमारास पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढावे म्हणून सभा भरली. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन हजर होते. भरसभेत, पुरुषांसमोर, रमाबाईंनी इंग्रजीत लिहिलेले निवेदन वाचून दाखवले. घरी परतल्यावर जे बोलणे खावे लागले ते त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे. पण शाळा निघाली. 1884 ची ती शाळा म्हणजेच पुण्याची हुजूरपागा.

इथपर्यंत पाठीशी रानडे होते. 16 जानेवारी 1901 रोजी ते गेले. मुले नव्हती, वय चाळिशीच्या आत, आणि त्या काळच्या विधवेने घराबाहेर पडायचे नसे. जवळजवळ वर्षभर रमाबाई घरातच राहिल्या. आता भाषण लिहून देणारे कोणी नव्हते. तरी त्या बाहेर पडल्या, आणि पहिल्यांदा गेल्या त्या व्यासपीठावर नव्हे, तर तुरुंगातल्या स्त्री कैद्यांकडे आणि दवाखान्यातल्या रुग्णांकडे. या लोकांपुढे आपण कसे दिसतो, कसे बोलतो याची काळजी करायला त्यांना सवड कुठली! 1904 मध्ये मुंबईत भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले.

सेवासदनात त्यांच्यासमोर पूर्वीच्या रमाबाईच येऊन बसत असणार. मान खाली घातलेल्या, पदर ओढलेल्या बायका, त्यांत विधवाही. त्यांना शिक्षिका, नर्स, सुईण व्हायचे होते. परक्या पुरुषाच्या नाडीला हात लावायचा, डॉक्टरांना उत्तर द्यायचे, हे त्या काळी अब्रूवर बेतणारे वाटे. तरी सेवासदनाच्या मुली पुण्याच्या ससून रुग्णालयात नर्सिंग शिकल्या. पुण्यात मुलींनाही सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून रमाबाई त्यांच्या शेवटच्या वर्षांत रस्त्यावरही उतरल्या. 1924 मध्ये त्यांचे निधन झाले.

आमच्या माजी विद्यार्थिनीला मी त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक वाचायला दिले आहे. दर शनिवारी शाळा सुटल्यावर ती माझ्या खोलीत येते. मी आणि दोन शिक्षिका टेबलापलीकडे बसून तिला प्रश्न विचारतो. पहिल्या शनिवारी तिने उत्तरे कागदावर लिहून आणली होती, ती तशीच वाचू दिली. दहावीच्या मुलामुलींपैकी कोणाला तिच्याबरोबर बसायचे असेल, तर वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे. खुर्च्या पुष्कळ आहेत, फक्त खिडकीजवळची मी काढून ठेवली आहे.

— मुख्याध्यापिका