हरूनही जिंकलेले भाऊसाहेब

पेडण्यात १९११ साली जन्मलेले खाणउद्योजक दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर डिसेंबर १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रात विलीनीकरण हे त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे ध्येय होते. जनमत कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा, म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, तर विरोधात १,७२,१९१ मते पडली. मार्चमधील निवडणुकीत मात्र गोमंतकीयांनी भाऊसाहेबांनाच पुन्हा सत्तेवर बसविले. बहुजनांसाठी गावोगावी शाळा काढणारा नेता त्यांना हवा होता. स्वतःची वेगळी ओळख पुसणे मान्य नव्हते. स्कॉटलंडनेही २०१४ मध्ये स्वातंत्र्य नाकारले आणि पुढे स्वातंत्र्यवादी पक्षालाच निवडून दिले. कौल स्वीकारून भाऊसाहेब १२ ऑगस्ट १९७३ रोजी निधन होईपर्यंत मुख्यमंत्रिपदी राहिले.