दूध का नासतं आणि कमलाबाई

आमच्या यावलचं मे महिन्यातलं ऊन रूममेटला सांगून कळत नाही, ते खावंच लागतं. सकाळचं दूध तापवायचं राहिलं की दुपारी भांड्यात गुठळ्याच. आजी कपाळावर हात मारून घ्यायची आणि साखर टाकून आटवायला बसायची.

इलेक्ट्रिकलला आल्यावर कळलं, अरे, हे तर आपल्याच सिलॅबसमधलं! दुधातल्या केसीन या प्रथिनाच्या कणांवर बाहेरून ऋण भार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून कण वेगळे तरंगतात. दूध आंबू लागलं, पीएच 6.6 वरून 4.6 कडे उतरला, की एकूण भार शून्यावर येतो. मग ढकलणारं कोणी नाही, कण चिकटतात. झालं, नासलं!

हे वाचता वाचता कमला सोहोनी सापडल्या. माहेरच्या भागवत, म्हणजे लेखिका दुर्गाबाई भागवतांची बहीण. जन्म 1911, इंदूरचा. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीत पहिल्या आल्या आणि बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे अर्ज केला. तिथे संचालक सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून अर्ज नाकारला! नोबेलवाल्या माणसानं नाही म्हटल्यावर आपण मुकाट घरी बसलो असतो. बाई थेट बंगळूरला जाऊन कारण विचारायला उभ्या राहिल्या. प्रवेश मिळाला, पण अटींवर. वर्षभर काम अधिकृत धरायचं नाही, आणि मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. (मुलांना अट कोणतीच नाही, बरं का.)

श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी काम केलं ते दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांवर. वर्षानंतर रामन यांची खात्री पटली आणि पुढे मुलींनाही तिथे प्रवेश मिळू लागला. हे दार दुधानं उघडलं असं मी तरी मानतो.

मग केंब्रिज, वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी वर संशोधन आणि 1939 मध्ये पीएचडी. 1947 नंतर मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवत डाळी आणि नीरा यांवर काम. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बाया यांना नीरेचा फायदा होतो, हे त्यांनी दाखवलं. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला हे वाचून पाडे आठवतातच. आरे दूध प्रकल्पालाही त्या सल्ला द्यायच्या.

1998 मध्ये दिल्लीत त्यांचा सत्कार होता. त्याच कार्यक्रमात त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.

सुट्टीत आजीला हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की एवढ्या शिकलेल्या बाईचं दूध कधी नासलं असेल का.