छोटा उदेपूरपर्यंत आलेले तात्या

वडोदऱ्याहून छोटा उदेपूर साधारण शंभर किलोमीटर. १ डिसेंबर १८५८ ला तात्या टोपे तिथे होते, आणि निघाले होते आपल्याच शहराकडे. शाळेतला आमचा धडा ग्वाल्हेरलाच संपायचा, त्यामुळे मला हे कॉलेजात आल्यावर कळलं.

रामचंद्र पांडुरंग हे खरं नाव, जन्म येवल्याचा. वडील दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी. पेशवाई बुडाली, बाजीराव बिठूरला गेले, मागोमाग हे कुटुंबही. तात्या वाढले ते तिथेच, आणि पुढे नानासाहेबांचे विश्वासू झाले.

आता कानपूर. इथे माझी गाडी अडते. २७ जून १८५७ ला सतीचौरा घाटावर, सुखरूप जाऊ देण्याचं वचन मिळालेल्या इंग्रजांवर गोळ्या चालल्या. १५ जुलैला बीबीघरात सुमारे दोनशे बायका-मुलं मारली गेली. २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावणारी मी, मला हे पान पटकन उलटता येत नाही. उलटू नयेच.

त्याच कानपूरला नोव्हेंबरात तात्यांनी खरी लढाई मारली. ग्वाल्हेरच्या बंडखोर पलटणी घेऊन ते काल्पीहून यमुना उतरले आणि जनरल विंडहॅमला शहरातून रेटत गंगेकाठच्या तटबंदीत कोंडलं. शिपाईगडी म्हणून ज्यांना कोणी मोजत नव्हतं, त्यांनी इंग्रज सेनापतीला मागे हटवलं! पण ६ डिसेंबरला लखनौहून परतलेल्या कॅम्पबेलने सगळं उलटवलं.

मग झाशी, काल्पी, ग्वाल्हेर. राणी गेल्या. पुढचे दहा महिने नुसती धावपळ: राजपुताना, माळवा, नर्मदा ओलांडून दक्षिणेकडे, तिथून पुन्हा उलट. शेवटी वडोदरा. बेत वेडा नव्हता. गायकवाड हे मूळचे पेशव्यांचे सरदार, दरबार मराठी, आणि तात्यांसोबत पेशव्यांच्या घरातले रावसाहेब. एवढं नातं पुरेल असं वाटलं असणार. पण गादीवर खंडेराव होते, आणि ते इंग्रजांच्या बाजूला ठाम. आपण वडोदऱ्याचे मराठी लोक गायकवाडी अभिमानाने सांगतो, तेव्हा हे सोयीने वगळतो. अर्थात, राज्य वाचलं तेही त्यामुळेच, हे मान्य. परीक्षा झालीच नाही म्हणा, कारण ब्रिगेडियर पार्कने छोटा उदेपूरलाच गाठून त्यांचा पराभव केला. तात्या बांसवाड्याच्या जंगलाकडे वळले.

एप्रिल १८५९ मध्ये नरवरच्या मानसिंगाने त्यांना पकडून दिलं. जबाबात तात्यांनी सांगितलं, की मी मालकाच्या हुकमाने लढलो, गोऱ्या बायका-मुलांच्या हत्येत माझा हात नाही. लष्करी न्यायालयाने लावलेला आरोप सरकारविरुद्ध युद्ध केल्याचा होता. कानपूरचा घाट त्यात नव्हताच. मी ते दोनदा वाचून बघितलं.

१८ एप्रिलला शिवपुरीला त्यांना फाशी दिली.