रविवारची सुट्टी नेमकी कोणी मिळवून दिली? गिरणीतल्या स्टोअरकीपरची ६ वर्षांची लढाई

पगार किती तारखेला होतो? जेवणाची सुट्टी किती वेळ? कामावर दुखापत झाली तर खर्च कोणाचा? वीकली ऑफ कधी? नव्या नोकरीत हे प्रश्न आपण एचआरला विचारतो. १८८४ मध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांत एचआर विभाग वगैरे नव्हता. तेव्हा हेच प्रश्न मागण्या म्हणून कागदावर आणले नारायण मेघाजी लोखंडे यांनी.

कोण होते लोखंडे?

लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात झाला. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. म्हणजे ना मालक, ना साच्यावरचा कामगार. मधल्या जागेवरच्या या माणसाला दोन्ही बाजू रोज दिसत होत्या. दिवस उगवला की गिरणी सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, त्यामुळे कामही १३-१४ तास. पगार महिना उलटून गेल्यावर, तोही कधी होईल याचा नेम नाही.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीत लोखंडे सक्रिय होते. १८८० मध्ये त्यांनी 'दीनबंधू' हे पत्र चालवायला घेतले आणि गिरणीतले हाल छापायला सुरुवात केली.

मागण्या काय होत्या?

सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा झाली. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या आयोगापुढे गेला. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. शिवाय कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा अधू झाल्यास निर्वाहाची सोय. यातली एकही मागणी आज कोणाला जास्तीची वाटणार नाही.

मग विरोध का?

इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. भारतातल्या गिरण्यांना फॅक्टरी कायदा लावा, असा आग्रह इंग्लंडमधले लँकेशायरचे गिरणीमालकही धरत होते. त्यांना मुंबईच्या कामगाराचा कळवळा नव्हता, मुंबईचे स्वस्त कापड खुपत होते. त्यामुळे कायदा म्हणजे देशी उद्योग बुडवण्याचा डाव, असे इथले मालक म्हणत आणि अनेक देशाभिमानी वृत्तपत्रेही तेच लिहीत. मालकांचा संशय खोटा नव्हता. पण देशी उद्योग टिकावा म्हणून कामगाराने १४ तास उभे राहावे का, याचे उत्तर त्यात नव्हते. लोखंडे कामगारांच्या बाजूने उभे राहिले.

१८९० मध्ये काय घडले?

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे १० हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही त्या सभेत बोलल्या, त्या काळात ही मोठीच गोष्ट. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि अर्ध्या तासाची विश्रांती आली. स्त्रियांच्या कामाला ११ तासांची मर्यादा घातली गेली. प्रौढ पुरुषांच्या तासांवर मात्र १९११ पर्यंत मर्यादा नव्हती.

ही खरेच युनियन होती का?

लोखंडे यांच्या 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'ला भारतातली पहिली कामगार संघटना म्हटले जाते. पण तिच्याकडे सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, नियमावलीही नव्हती. भर अर्ज आणि सभांवर, संपावर नव्हे. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला. आजच्या चष्म्यातून हे नेमस्त वाटेल. मात्र संघटनेला कायद्याचे संरक्षण १९२६ मध्ये आले, हे विसरून चालणार नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. रुग्णांच्या मदतीत गुंतलेल्या लोखंडे यांनाही लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या यादीतली अपघात भरपाई १९२३ च्या कायद्याने आली. पगार ठरल्या तारखेच्या आत देण्याची सक्ती यायला १९३६ उजाडले. तोवर लोखंडे जाऊन ३९ वर्षे झाली होती.